वेरूळची गढी आणि तिच्या भोवतीच्या पायवाटा : दोन दिवसांचा बेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : परभणीहून स्वतःच्या गाडीने निघायचं, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि दहा-बारा वर्षांची दोन मुलं. डिसेंबर-जानेवारीतला एखादा शनिवार-रविवार मोकळा आहे. वेरूळला शहाजीराजांचे वडील मालोजीराजे भोसले यांची गढी (पाटील-देशमुखांचा तटबंदीचा वाडा) पाहायची, लेण्यांच्या डोंगरातून थोडं पायी फिरायचं. वडिलांचे गुडघे दुखतात. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "पण गढीत बघण्यासारखं काही उरलंय का?" बाकी सगळा बेत या शेवटच्या प्रश्नावर ठरतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

उभं असं फारसं काही उरलेलं नाही. उंचवटा आहे, उत्खननात उघडी पडलेली जोती (घरांचे दगडी चौथरे) आहेत, भिंतींच्या तळाचे दगड आहेत. नक्षीचे खांब, सज्जे, दिंडीदरवाजा शोधायला आलेला माणूस दहा मिनिटांत गाडीकडे परत फिरतो. मराठवाड्यातल्या गढ्या, वाडे आणि बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) लोकांना फिरून दाखवणं हेच माझं काम, त्यामुळे असं परत फिरणं मी पुष्कळ पाहिलंय. त्याच उंचवट्यावर दीड तास रमलेली कुटुंबंही पाहिली आहेत. ती रमतात याचं कारण साधं असतं. त्यांनी त्याआधी एखादी उभी वास्तू नीट पाहिलेली असते आणि ती गावातून चालत चालत गढीवर आलेली असतात. म्हणून माझं सांगणं दोनच गोष्टींचं : पडलेली गढी पाहण्याआधी उभी पाहा, आणि गढी एकटी पाहू नका. तिचं पाणी, तिचं देऊळ, तिच्याजवळून जाणारा रस्ता हे सगळं पायाखालून गेलं की मगच ती कळते.

त्यासाठी पहिल्या दिवशी थेट वेरूळ गाठू नका. मंठ्याकडून सिंदखेडराजाला जा. ते विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात येतं, पण जालन्यापासून इतकं जवळ आहे की आपल्याकडच्या माणसाला ते परकं वाटत नाही. लखुजीराव जाधवांचं हे गाव, जिजाऊंचं माहेर. 12 जानेवारी 1598 हा त्यांचा जन्मदिवस इथे साजरा होतो. वेरूळ हे त्यांचं सासर. माहेरापासून सासरापर्यंतचा रस्ता एका दिवसात मुलांच्या नजरेखालून गेला, तर शहाजीराजे आणि जिजाऊ ही पाठ्यपुस्तकातली नावं न राहता दोन गावांतल्या दोन घरांची माणसं होतात. फक्त 12 जानेवारीच्या आसपासचे दिवस टाळा. जन्मोत्सवाला राज्यभरातून माणूस लोटतो. त्यात सामील व्हायचं असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी वास्तू निवांत पाहता येत नाही.

सिंदखेडराजाला लखुजीरावांच्या वाड्यात काय पाहायचं? आधी दरवाज्यासमोर उभे राहा आणि लगेच आत शिरू नका. खालचा भाग घडीव काळ्या दगडाचा, त्यावरचं बांधकाम वेगळं. हा बदल मुलांना बोटाने दाखवा. गढी असो की वाडा, आपल्याकडे पाया आणि भिंतीची खालची उंची दगडात आणि वरचं काम विटांत किंवा पांढऱ्या मातीत, ही रीत सगळीकडे सापडते. पावसाचं आणि जमिनीतल्या ओलीचं तोंड दगडाने अडवायचं आणि वरचा भार हलका ठेवायचा, असा त्यामागचा हिशेब. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, म्हणजे त्यांच्या बसायच्या जागा. दाराच्या जाड चौकटीलगत भिंतीत आडवी खोल भोकं शोधा. दार लावल्यावर मागून अडसर सरकवायची ती जागा. खाली उंबरठ्याजवळ दगडातली वाटोळी खळगी दिसली तर दार तिच्यात फिरत असे हे ओळखायचं. या तीन खुणा लक्षात राहिल्या की दार नाहीसं झालेल्या पडक्या गढीतही दाराची जागा सापडते.

वाड्यानंतर लखुजीरावांची समाधी पाहा. तिचा आवाका पाहूनच या घराण्याचा दबदबा कळतो. लखुजीराव आणि त्यांच्या घरातली माणसं 1629 मध्ये दौलताबादला निजामशाही दरबारात दग्याने मारली गेली. दुसऱ्या दिवशी परतताना तुम्ही त्याच दौलताबादच्या तटाखालून जाणार आहात, तेव्हा ही गोष्ट सकाळीच समाधीपाशी सांगून ठेवा. वेळ उरला तर पुतळा बारव. तिच्या आतल्या बाजूला दगडात कोरलेल्या आकृती आहेत आणि आई-वडील वर काठावर उभे राहूनही त्या पाहू शकतात. मोती तलावही दाखवा, कारण इतक्या मोठ्या वस्तीला पाणी कुठून येत होतं हा प्रश्न मुलांच्या डोक्यात तिथे आपोआप येतो. रंगमहालात शहाजी-जिजाऊंच्या सोयरिकीची जी रंगाची गोष्ट सांगतात ती आख्यायिका आहे. सांगा, पण आख्यायिका म्हणूनच सांगा.

दुपारी बाराच्या सुमारास तिथून निघा. समृद्धी महामार्गाला सिंदखेडराजाजवळून चढता येतं आणि संभाजीनगरच्या बाजूला उतरून वेरूळचा रस्ता धरता येतो. सलग काँक्रीटचा रस्ता आहे, त्यामुळे परभणीतून निघतानाच टायरची हवा आणि टायरचं वय दोन्ही तपासून घ्या. जेवण सिंदखेडराजाला किंवा सोबतच्या डब्यातून उरका. महामार्गावर बसून खायला जागा मिळेल या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना उपाशी नेऊ नका.

तीनच्या आत वेरूळला पोचलात तर शनिवारची उरलेली दुपार लेण्यांना द्या. यामागे कारण आहे. वेरूळचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी लेण्यांच्या तोंडावर सावली असते आणि दुपार कलली की ऊन सरळ आत शिरतं. कैलास पाहायची वेळ तीच. लेणी 34 आहेत आणि ती सुमारे 2 किलोमीटर लांबीच्या कड्यात पसरली आहेत : 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. एका दुपारी सगळी पाहण्याचा हट्ट धरू नका. आई-वडिलांसाठी तीन पुरेशी आहेत : 16 वं कैलास, 10 वं विश्वकर्मा आणि जैन लेण्यांतलं 32 वं. जैन लेण्यांकडे चालत न जाता वाहनाने जाता येतं. 12 वं तीन ताल अप्रतिम आहे, पण त्याच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघ्यांना ते सोसणार नाही. तिकीट भारतीय नागरिकाला 40 रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. मंगळवारी लेणी बंद असतात.

आता पहिली पायवाट. कैलासच्या बाजूने डोंगरावर चढणारी वाट आहे. ती लांब नाही, पण खडी आहे, आणि वर गेल्यावर एका बाजूला थेट खाली कैलासचं अंगण दिसतं. मुलांना तुम्ही स्वतः घेऊन जा. आई-वडिलांना खाली सावलीत बसवा. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात, आठव्या शतकात, हे देऊळ कळसाकडून पायाकडे खोदत आणलं. हे वाक्य खाली उभं राहून दहा वेळा ऐकलं तरी पटत नाही, वरच्या काठावरून पाहिलं की क्षणात पटतं. वर मुलांचा हात सोडू नका. सेल्फीसाठी पाठ दरीकडे करून उभं राहणं मी माझ्यासोबतच्या कुणालाही करू देत नाही, तुम्हीही करू देऊ नका. आणि सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी खाली उतरा.

मुक्काम वेरूळातच करा. संभाजीनगरात सोयी जास्त आहेत हे खरं, पण तिथे राहिलात तर रविवारची पहाट रस्त्यात जाते, आणि या बेतातला सगळा गाभा त्या पहाटेत आहे.

रविवारी सहा-साडेसहाला बाहेर पडा. गाडी मुक्कामीच राहू दे. ही दुसरी पायवाट गावातली आहे, बरीचशी सपाट आहे आणि वडिलांना काठी घेऊन सहज जमेल. सुरुवात शिवालय तीर्थापासून करा. हे पायऱ्यापायऱ्यांचं चौकोनी कुंड अहिल्याबाई होळकरांच्या काळच्या कामाशी जोडलेलं आहे. आत पायऱ्यांवर छोटी छोटी देवळं आहेत. काठावर दहा मिनिटं बसा. वडिलांना खाली उतरवू नका, मुलांना दोन टप्प्यांच्या पुढे जाऊ देऊ नका; पायऱ्या ओल्या असतात. पाण्यापासून सुरुवात करायची याचं कारण असं की गाव, देऊळ आणि गढी या तिन्ही गोष्टी तिथे का वसल्या याचं उत्तर पाण्यातच असतं. आपल्या भागात तर जास्तच. येळगंगेचा ओढा, कुंड, विहिरी या सगळ्यांच्या आधाराने हे गाव उभं आहे.

तिथून घृष्णेश्वर. रविवारी उन्हं वर आली की रांग वाढते, म्हणून सकाळीच. पुरुषांना गाभाऱ्यात जाताना अंगातला सदरा, बनियन काढावा लागतो. थंडीत वडिलांसाठी एक उपरणं जवळ असू द्या. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा तो मुक्कामीच ठेवून या किंवा एकाने बाहेर थांबा. आज दिसणारं लाल दगडाचं देऊळ अहिल्याबाईंच्या काळातलं, पण त्याआधी मालोजीराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला होता. हा दुवा पुढच्या चालण्यात धरून ठेवा. गावचा पाटील आपल्या गढीपासून हाकेच्या अंतरावरच्या महादेवाचं देऊळ उभं करतो, कारण दोन्हींचं पाणी, रस्ता आणि माणसं तीच असतात.

मग गढी आणि तिच्या जवळचं शहाजीराजांचं स्मारक. आधी गढी, स्मारक नंतर. उंचवट्यावर चढण्याआधी खालून एक फेरी मारा. जमिनीचा रंग पाहा. गावाची जागा ती पांढरी आणि शेताची जमीन ती काळी, हे तुमच्या वडिलांना सांगावं लागणार नाही. उलट त्यांनीच मुलांना सांगू द्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे तिची भिंत टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहून, राख-गाळ साठून झालेली पांढरी माती फुगत नाही, म्हणून गढ्यांच्या भिंती आणि माळवदं (मातीची सपाट छपरं) तिचीच. आणि याच मातीपायी मराठवाड्यातल्या कितीतरी गढ्या संपल्या. घराच्या माळवदावर टाकायला, शेतात पसरायला लोकांनी वर्षानुवर्षं गढीची माती गाड्या भरभरून नेली. तुम्ही परभणी जिल्ह्यात हे डोळ्यांनी पाहिलं असेल.

वर आल्यावर मुलांच्या हातात वही द्या. तुम्ही काल सिंदखेडराजाला ज्या खुणा शिकलात त्या इथे शोधायच्या. दगडांची रांग म्हणजे भिंतीचा पाया. दोन रांगांमधलं अंतर पावलांनी मोजायचं. रांग जिथे तुटते तिथे दार असू शकतं, पण दगड कुणी काढून नेला असला तरीही रांग तुटते. म्हणून तिथे उंबऱ्याचा दगड किंवा दाराची खळगी दिसते का ते पाहायचं. चारी बाजूंनी जोती आणि मध्ये मोकळी सपाट जागा म्हणजे चौक. चौकातून बाहेर जाणारा उताराचा दगडी नाला म्हणजे पाण्याची वाट. मुलं अर्ध्या तासात आपापला नकाशा काढतात. तो बरोबर आला की चूक याला फार महत्त्व देऊ नका. कुठे ओसरी असेल, कुठे माजघर असेल, यावर दोघांचं भांडण झालं तर उत्तमच.

आजी-आजोबांना इथे सगळ्यात जास्त बोलतं करा. ज्यांचं बालपण माळवदाच्या घरात गेलंय त्यांना ढाळज (दाराजवळची बैठक) कुठे, बळद (धान्य साठवायची जागा) कुठे, न्हाणी कुठे हे अंगवळणी असतं. खांब, तुळया, वरचं किलच (लाकडी पट्ट्या), त्यावर पाला आणि मग पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी दरसाल माती टाकून वरून बडवणं, गळती लागली की रात्री भांडी मांडणं. हे सगळं त्यांनी केलेलं असतं. अशा गोष्टी कुठल्याही फलकावर मिळत नाहीत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची दगडमातीची घरं जड माळवदांसकट कोसळली आणि हजारो माणसं झोपेत गेली. त्या धक्क्यानंतर पुष्कळ गावांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले. जुन्या घरांविषयी हळहळताना ही बाजूही मुलांना सांगायला हवी. लोकांनी माळवदं बेपर्वाईने मोडली नाहीत, भीतीने मोडली.

मग मालोजीराजांची गोष्ट, गढीवरच उभं राहून. बाबाजी भोसल्यांचे मालोजी आणि विठोजी हे दोन मुलगे. वेरूळची पाटीलकी घराण्याकडे. मालोजीराजे निजामशाहीच्या चाकरीत वर चढले, फलटणच्या निंबाळकरांशी सोयरिक झाली. नगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, हे बखरींपासून सांगत आले आहेत. शरीफजी 1624 च्या भातवडीच्या लढाईत मारले गेले. त्या लढाईत निजामशाहीची धुरा होती मलिक अंबरकडे, आणि शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आता हे पाहा : त्या मलिक अंबरची कबर तुमच्या परतीच्या वाटेवर, खुलताबादला आहे.

गढीवर एक तास, स्मारकात अर्धा तास, असा हिशेब ठेवा. स्मारकाकडे जाताना गावातल्या गल्ल्यांमधून जा. जुन्या घरांच्या दारांच्या चौकटी, कोनाडे, ओट्याचे दगड पाहत चला. गढीचे घडीव दगड कुणाच्या तरी ओट्याला लागलेले पुष्कळ गावांत दिसतात. कुणाच्या घराचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. "आमच्याकडंबी असंच घर होतं," एवढं तुमच्या आईने म्हटलं तरी समोरून चहाचं बोलावणं येतं. ते नाकारू नका.

साडेनऊ-दहाला तिसऱ्या पायवाटेचा प्रश्न येतो. 29 व्या लेण्याजवळ, ज्याला सीतेची न्हाणी म्हणतात तिथे, पावसाळ्यात धबधबा कोसळतो. त्याच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी गणेश लेणी आणि जोगेश्वरी लेणी हे छोट्या लेण्यांचे समूह आहेत. मला स्वतःला ही वाट वेरूळातली सगळ्यात आवडते, कारण गर्दी खाली राहते आणि खडक, पाणी आणि कोरीव काम एकत्र दिसतं. पण ती आजी-आजोबांची वाट नाही. मुलांना नेणार असाल तर तुम्ही आणि आणखी एक मोठं माणूस हवं. आधी तिथल्या पहारेकऱ्याला विचारा. सुरक्षेसाठी ही वाट कधीकधी बंद ठेवतात. तो नाही म्हणाला तर परत फिरा, दुसऱ्या बाजूने घुसू नका. लेण्यांच्या आवारासाठी रविवारचं तिकीट वेगळं काढावं लागेल. डिसेंबरात ओढ्याला पाणी कमी असतं, तरी शेवाळलेला काळा दगड घसरतोच. ही वाट घेतलीत तर खुलताबाद आटोपतं घ्या. दोन्ही निवांत होणार नाही. मला निवड करायला सांगितलीत तर या खेपेला गढीचा विषय धरून मी खुलताबाद निवडेन आणि गणेश लेणी पावसाळ्यानंतरच्या वेगळ्या खेपेसाठी ठेवेन.

खुलताबादला रविवारी जा असं मी म्हणतोय, कारण शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी असते. श्रावणात तर संभाजीनगरहून लोक रात्रभर चालत येतात. मलिक अंबर 1626 मध्ये गेला. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला, त्याने 1610 मध्ये खडकी वसवली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराच्या पाण्यासाठी त्याने बांधलेली नहर (जमिनीखालून पाणी आणणारी वाट) मुलांना माहीत नसेल तर इथे सांगा. कबरीचं आवार शांत आहे, चालणं थोडं आहे, आई-वडील आरामात येतील. मालोजीराजांच्या गढीवरून निघून दोन तासांत तुम्ही त्यांच्या मुलांच्या सेनापतीपाशी उभे असता, आणि हे कुठल्याही पॅकेज सहलीत कुणी घडवत नाही.

देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, या दोन दिवसांत घालू नका. लोक "वाटेतच तर आहे" म्हणून घालतात आणि मग सत्तरीतल्या माणसाला अंधारीच्या (किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेच्या) तोंडाशी बसवून पुढे जातात. त्या किल्ल्याला एक पूर्ण दिवस आणि धडधाकट गुडघे लागतात.

आता जिवाच्या काळजीचं. चार गोष्टी मी कुठल्याही गढीवर जाताना सोडत नाही. पहिली, मोहोळ. लेण्यांच्या कड्यांना आणि जुन्या बुरुजांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, फटाके, दगड मारणं यातलं काहीही नको. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून तिथून लांब जायचं, हात हलवत उभं राहायचं नाही. दुसरी, साप. पडक्या दगडांच्या फटींत घोणस, नाग, मण्यार असू शकतात. पायात बूट, हातात काठी, दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, तिन्हीसांजेनंतर गढीवर थांबायचं नाही. चावा झालाच तर जागा कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही न करता माणसाला स्थिर ठेवून 108 ला फोन आणि सरळ दवाखाना. मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे संभाजीनगरची घाटी.

तिसरी गोष्ट पेव. धान्य साठवायचे हे जमिनीखालचे खड्डे वरून अरुंद आणि आत पोटात रुंद असतात. बंद पेवात विषारी हवा साठते आणि उतरलेला माणूस शुद्ध हरपून आतच राहतो. त्याला काढायला उतरणाराही जातो. मुलांना कुतूहल वाटणारच, म्हणून आधीच बजावा : कुठल्याही गढीतल्या पेवात, भुयारात, कोरड्या आडात उतरायचं नाही. चौथी, मातीच्या उभ्या भिंती. पावसाळ्यात आणि पावसाळा संपल्या संपल्या त्या आतून भिजलेल्या असतात आणि आवाज न करता बसतात. भिंतीच्या सावलीत सतरंजी टाकून डबा खाऊ नका, झाडाखाली बसा.

माकडांचं वेगळं सांगत नाही, फक्त हातात खाऊची पिशवी दिसू देऊ नका.

आणि गढीवर खापराचे तुकडे, जुनी वीट, बांगडीचा तुकडा सापडेल. मुलांना उचलून पाहू द्या, वहीत चित्र काढू द्या, आणि होतं तिथेच परत ठेवायला लावा. कायद्याने ते नेता येत नाहीच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तो तुकडा जिथे पडलाय त्या जागेसकटच काही सांगतो; घरातल्या शोकेसमध्ये तो मुका होतो. गुप्तधनाच्या नादाने खणलेले ताजे खड्डे एखाद्या गढीवर दिसले तर ग्रामपंचायतीत किंवा पोलीस ठाण्यात कळवा. या खणण्याने आपल्याकडच्या गढ्यांचं जेवढं नुकसान झालंय तेवढं पावसानेही केलं नसेल.

डिसेंबर-जानेवारीचा तुमचा बेत योग्य आहे. पहाटे थंडी चांगलीच असते, दहानंतर ऊन बोचतं, तेव्हा स्वेटर आणि टोपी दोन्ही घ्या. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवत कमरेएवढं असतं आणि जोती दिसतच नाहीत. मार्चनंतर दगड तापतात आणि म्हातारी माणसं, मुलं दोघंही अकराच्या आत थकतात. धबधबा पाहायचाच असेल तर ऑगस्ट, पण तेव्हा गढीचा विषय काढू नका. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार हे देवदर्शनाचे दिवस आहेत, वास्तू पाहण्याचे नाहीत. हुरड्याचे दिवस असतील तर रस्त्यात एखाद्या शेतावर थांबा. आई-वडिलांना त्यात जास्त आनंद होईल.

हे फिरणं मुलांना आवडलं तर पुढची पायरी घराजवळ आहे. परभणी जिल्ह्यातच चारठाणा आहे; देवळं, बारव आणि जुनं गाव एका सकाळी पायी पाहून होतं. सेलू तालुक्यातलं वालूर आहे. तिथली गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची बारव मुलांनी पाहायलाच हवी. आणि तुमच्या आजूबाजूच्या कुठल्याशा गावात एखाद्या देशमुख-पाटलांची राहती गढी असेलच. ते घर आहे, स्मारक नाही, हे लक्षात ठेवून जा : आधी निरोप धाडा, जेवणाची वेळ टाळा, ढाळजेत बसा, आतून बोलावलं तरच माजघरात जा. देवघराचे आणि बायामाणसांचे फोटो नकोत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "ही भिंत कुणी बांधली?" असं विचारण्यापेक्षा "पाणी कुठून आणत होते?" असं विचारा, गप्पा लगेच सुरू होतात.

परतीचं शेवटचं. रविवारी खुलताबादहून दोनच्या आत निघा. दौलताबादला रस्ता जुन्या तटाच्या दरवाज्यातून जातो, तिथे एका वेळी थोडीच वाहनं निघतात, आणि तीननंतर लेण्यांकडून परतणारी सगळी गर्दी त्या एका दरवाज्यावर येऊन थांबते. उशीर झालाच तर घाटात ओव्हरटेक करत सुटू नका. खुलताबादलाच तासभर थांबा, आई-वडिलांना चहा द्या आणि गर्दी ओसरल्यावर निघा. जालन्यापुढचा परभणीचा रस्ता रात्रीचा करायची वेळ आली तर गाडी चालवणाऱ्याने दुपारीच अर्धा तास डोळा लावून घेतलेला बरा.